दादीचा आवाज

मरहूम दादीच्या कोकणी गोष्टी धाकट्या भावाने रेकॉर्ड करून एक्स्टर्नल हार्ड डिस्कमध्ये ठेवल्या होत्या. यंदा ती डिस्क अडखळू लागली. मी म्हटलं, दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवू. तो म्हणाला, "नको आपा. दुरुस्ती करताना डिस्कवर नव्याने लिहिलं जातं. आहे तेही जाईल. आधी नक्कल काढू."

त्याने 'डीडीरेस्क्यू' हा मोफत प्रोग्रॅम लावला. तो आधी सहज वाचता येणारा भाग दुसऱ्या डिस्कवर उतरवतो आणि खराब जागांकडे नंतर वळतो. डिस्क टकटक वाजत असती, तर मात्र बंद करून जाणकाराकडेच न्यावी लागली असती.

दोन रात्री लागल्या. दोन गोष्टी गेल्या, बाकी वाचल्या, अल्हम्दुलिल्लाह. आता त्यांच्या नकला तीन घरांत आहेत. अशी अमानत एकाच डिस्कच्या भरवशावर ठेवू नये.