मुक्कामी गाडीची नोंद

आपल्या गावाविषयी, गावातच राहून, गावातल्याच वाचकासाठी लिहिण्याची परंपरा मराठीत जुनी आहे. वाङ्मयाच्या इतिहासात तिला वेगळे दालन मात्र फारसे मिळालेले नाही. चौदाव्या शतकातील ‘स्थानपोथी’ हा महानुभाव पंथाचा ग्रंथ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. चक्रधरस्वामी जिथे जिथे गेले आणि राहिले त्या ठिकाणांची नोंद करताना देऊळ गावाच्या कोणत्या अंगाला आहे आणि त्याचे दार कोणत्या दिशेला आहे, हे हा ग्रंथ अशा बेताने सांगतो की त्या वाटेने निघालेल्या भाविकाला पोथीच्या आधारे ठिकाण ओळखता यावे. शहरातील रस्ते, एसटीच्या फेऱ्या, रेल्वेची स्थानके आणि मोबाईलवरील नकाशे यांविषयी आज जे स्थानिक लेखन होते, त्याचे नाते प्रवासवर्णनापेक्षा या पोथीशी अधिक जवळचे आहे, कारण वाचणारा ठरलेल्या ठिकाणी वेळेत पोहोचला की नाही, एवढ्यावरच त्याचे बरेवाईट ठरते.

या कसोटीला चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे विशेष कठीण आहेत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा आहे, त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वनाखाली आहे आणि २०११ च्या जनगणनेनुसार तिथे दर चौरस किलोमीटरला सरासरी ७४ माणसे राहतात. वस्ती विरळ असल्यामुळे प्रवासी थोडे, प्रवासी थोडे म्हणून फेऱ्या थोड्या, आणि फेऱ्या थोड्या म्हणून प्रत्येक फेरीविषयीची माहिती मोलाची, अशी ही साखळी आहे. दर पाच-दहा मिनिटांनी बस येणाऱ्या शहरात चुकीच्या माहितीची किंमत थोडा वेळ थांबून चुकती होते, तर एटापल्ली किंवा भामरागड तालुक्यात तीच चूक माणसाला एका रात्रीचा मुक्काम घडवते, आणि तो माणूस दवाखान्यात निघालेला असेल तर किंमत त्याहूनही वाढते.

इथल्या प्रवासाचा कणा म्हणजे मुक्कामी गाडी. संध्याकाळी आगारातून, म्हणजे एसटीच्या गाड्या जिथे ठेवल्या आणि दुरुस्त केल्या जातात त्या तळावरून, निघून मार्गाच्या शेवटच्या गावी रात्र काढणारी आणि पहाटे तिथूनच परतीची फेरी सुरू करणारी बस ती मुक्कामी गाडी. चालक आणि वाहक रात्री गावातच मिळेल त्या खोलीत किंवा गाडीतच झोपतात, आणि पहाटे इंजिन सुरू झाल्याच्या आवाजावर गावातील निम्मी कामे उठतात. तहसील, कॉलेज, बाजार, रुग्णालय हे सारे त्या एका फेरीला बांधलेले असते. मोठ्या स्थानकाच्या फलकावर मात्र तिथून गाडी सुटण्याचीच वेळ असते, पहाटे शेवटच्या गावातून निघण्याची नसते. ही दुसरी वेळ गावाला तोंडपाठ आणि बाहेरच्याला अज्ञात असते, म्हणून स्थानिक लेखकाचे काम फलक उतरवून घेण्यापाशी संपत नाही. मार्गाच्या दुसऱ्या टोकावरची वेळ मिळवणे, ती वाहकाकडून ऐकलेली असेल तर थांब्यावरच्या चहावाल्याकडून पडताळणे आणि दोघांच्या सांगण्यात फरक निघाला तर दोन्ही वेळा लिहून वाचकाला त्यांतल्या आधीच्या वेळेला हजर राहण्यास सांगणे, हा या कारागिरीचा प्राथमिक भाग आहे.

कारागिरी म्हणावी असे यात काय आहे, हे एका वाक्यावरून दाखवता येईल. ‘भामरागडला जाण्यासाठी बसची सोय आहे’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आणि उपयोगाने शून्य आहे, कारण ते बस कुठून निघते, कोणत्या वाटेने जाते, कोणत्या ऋतूत जाते आणि ही माहिती कोणी कधी पाहिली, यांपैकी काहीच सांगत नाही. तेच वाक्य ‘आलापल्लीहून भामरागडकडे, पुलावर पाणी नसताना, अमुक तारखेला स्थानकाच्या फलकावर पाहिल्याप्रमाणे’ असे लिहिले की ते थोडे बोजड होते, पण प्रवाशाला त्यावर भार टाकता येतो. भाड्याच्या बाबतीतही असेच आहे. एसटीचे भाडे टप्प्यांवर आकारले जाते आणि एक टप्पा सहा किलोमीटरचा असतो. मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट लागू झाले, जानेवारी २०२५ मध्ये भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले आणि त्याबरोबर रुपयांत लिहिलेल्या जुन्या नोंदी एका दिवसात शिळ्या झाल्या. ज्यांत टप्पे लिहिले होते त्या मात्र टिकल्या, कारण दर बदलला तरी दोन गावांमधले अंतर बदलत नाही. कोणती गोष्ट लवकर बदलते आणि कोणती टिकते, हे ओळखून वाक्याची बांधणी करणे, हीच या लेखनातील शैली म्हणता येईल.

नावांचा प्रश्न याहून नाजूक आहे. सरकारदरबारी तालुक्याचे नाव देसाईगंज, पण रेल्वे स्थानकाचे नाव आणि लोकांच्या तोंडचे नाव वडसा. नगराचे नाव बल्लारपूर आणि जंक्शनचे बल्लारशा. गाव भद्रावती आणि स्थानक भांदक. नवखा माणूस भद्रावतीचे तिकीट शोधतो आणि असे स्थानकच नाही अशा समजुतीने बसच्या रांगेत उभा राहतो. एकाच नावाच्या दोन गावांचा घोटाळा वेगळाच, कारण गट्टा नावाचे गाव धानोरा तालुक्यात आहे आणि एटापल्ली तालुक्यातही आहे. म्हणून दुसऱ्याला ‘गट्टा (जांभिया)’ असे शेजारच्या गावासह लिहिण्याची रीत पडली, आणि त्या कंसाने किती जणांचा चुकीचा प्रवास वाचवला असेल याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. या भागात मराठीबरोबर माडिया, गोंडी, सिरोंच्याकडे तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी आणि चामोर्शी-मुलचेऱ्याच्या निर्वासित वसाहतींत बंगाली बोलली जाते, त्यामुळे एकाच गावाचा उच्चार दोन-तीन प्रकारे होतो. अशा वेळी शुद्ध कोणते हा वाद बाजूला ठेवून वाहक ज्या नावाने गाव पुकारतो ते आधी लिहावे आणि कागदोपत्री नाव मागाहून द्यावे, कारण थांबा आल्याचे प्रवाशाला कानाने कळते.

चंद्रपूर शहरात हीच अडचण वेगळ्या रूपाने येते. या शहराला दोन रेल्वे स्थानके आहेत. दिल्ली–चेन्नई या मुख्य मार्गावरील चंद्रपूर स्थानक मध्य रेल्वेकडे, तर गोंदिया–नागभीड–बल्लारशा मार्गावरील चांदा फोर्ट हे दक्षिण पूर्व मध्य रेल्वेकडे. दुसऱ्याच्या नावात शहराचे जुने नाव आणि गोंडकालीन किल्ल्याची खूण दोन्ही शिल्लक आहेत, पण हातात तिकीट घेऊन धावणाऱ्या माणसाला या इतिहासाचा उपयोग नसतो. आपली गाडी कोणत्या स्थानकावर येते हे त्याला ऑटोत बसण्यापूर्वी कळायला हवे. त्यामुळे चंद्रपूरविषयी लिहिताना नुसता ‘स्टेशन’ हा शब्द वापरणे हा लहानसा निष्काळजीपणा ठरतो. परकोटाचेही असेच आहे. सुमारे ११ किलोमीटर लांबीच्या या तटबंदीला जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे आणि पाच खिडक्या, म्हणजे लहान दारे, आहेत. आणि शहर तटाबाहेर तुकूम, पडोली, बाबूपेठेपर्यंत पसरले तरी पत्ता सांगताना ‘गेटच्या आत’ आणि ‘गेटच्या बाहेर’ ही विभागणी सुटलेली नाही. शेकडो वर्षांपूर्वीच्या वाहतुकीसाठी बांधलेल्या जटपुरा दरवाजाशी आजची मोटारींची गर्दी अडते. नकाशावर दरवाजाच्या आतले आणि बाहेरचे ठिकाण हाताच्या अंतरावर दिसते. चैत्रात महाकालीच्या यात्रेसाठी मराठवाडा आणि तेलंगणातून भाविक येतात त्या दिवसांत मात्र हे अंतर तसे राहत नाही.

पावसाळ्यात तर गडचिरोलीचा नकाशाच बदलतो. पर्लकोटा नदीचे पाणी जुन्या ठेंगण्या पुलावर चढले की भामरागडचा जिल्ह्याशी संपर्क तुटतो, आणि हे पाणी चढायला भामरागडात पाऊस पडावाच लागतो असे नाही. जवळच पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्या इंद्रावतीला मिळतात. बस्तरकडच्या पावसाने इंद्रावती भरून आली की पर्लकोट्याच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही, ते मागे दाटते आणि निरभ्र आकाशाखाली पूल बुडतो. उत्तरेकडे वैनगंगेचे गणित भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द धरणाच्या ३३ दरवाजांशी जोडलेले असते; तिथून सोडलेले पाणी क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट या मापाने, जाहीर होते, पण तो आकडा ऐकून आरमोरीकडची वाट पाल नदीपाशी बंद होईल का, हे सामान्य वाचकाला उमगत नाही. जिल्हा प्रशासन पुराच्या दिवसांत बंद मार्गांची यादी काढते आणि त्या यादीत रस्त्याच्या नावापुढे तो अडवणाऱ्या नदीचे किंवा नाल्याचे नाव असते. हे दुसरे नाव अधिक महत्त्वाचे आहे. कोणता नाला अडवतो हे कळले की गावचा माणूस त्याचे पाणी किती तासांत उतरते हे अनुभवाने सांगू शकतो, आणि स्थानिक लेखकाने प्रशासनाची यादी व गावाचा अनुभव यांची सांगड घातली की वाचकाला निघावे की थांबावे याचा निर्णय करता येतो.

मोबाईलवरील साधने या सगळ्यात कुठे बसतात, याचा विचार कौतुक आणि तक्रार दोन्ही बाजूला ठेवून करायला हवा. गुगलच्या नकाशावर रस्त्याचा रंग हिरवा किंवा लाल होतो तो मुख्यतः त्या रस्त्यावरून चाललेल्या मोबाईलच्या वेगावरून. जिथे माणसे थोडी आणि टॉवर विरळ, तिथे हा पुरावाच अपुरा पडतो आणि सामसूम रस्ता व पाण्याखालचा रस्ता पडद्यावर सारखेच दिसू शकतात. रेल्वेची जागा सांगणारे ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे अ‍ॅप इंटरनेट नसतानाही डब्यातील मोबाईल कोणत्या टॉवरच्या कक्षेत आहे यावरून अंदाज बांधते. म्हणजे तिथेही आधार शेवटी त्या डब्यात बसलेल्या माणसाचाच. २००४ मध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा स्वयंसेवकांनी भरलेला नकाशा एकाच ठिकाणाचे अधिकृत, स्थानिक आणि जुने नाव वेगवेगळ्या रकान्यांत ठेवू देतो, त्यामुळे वडसा आणि देसाईगंज यांना तिथे भांडावे लागत नाही. सार्वजनिक वाहतुकीची वेळापत्रके नकाशांना पुरवण्यासाठी २००५ च्या सुमारास अमेरिकेतील पोर्टलंड शहराच्या वाहतूक संस्थेने आणि गुगलने मिळून जीटीएफएस नावाचा साचा तयार केला. थांबे, मार्ग, फेऱ्या आणि वेळा यांचे हे साधे तक्ते असून त्यांत ही सेवा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत खरी, हे सांगण्याचीही सोय आहे. फलक लिहिणारा माणूस आणि लेख लिहिणारा माणूस जी तारीख सहज विसरतो, ती या कोरड्या तक्त्यात आठवणीने मागितली आहे. नोंदीला तारीख हवी, ही शिस्त आपल्या लेखनाने यंत्राकडून घ्यावी अशी आहे.

या लेखनाला संयमही लागतो. ताडोब्याच्या भोवतीच्या गावांत, मोहर्लीकडच्या रस्त्यावर किंवा ब्रह्मपुरीच्या जंगलात, वाघ दिसल्याची बातमी मोहफुले वेचायला भल्या पहाटे निघणाऱ्या बाईच्या जिवाची बातमी असते आणि तीच बातमी नेमक्या जागेसह बाहेर गेली तर मोटारी घेऊन येणाऱ्या हौशी गर्दीला आमंत्रण ठरते. गावाला सावध करण्याइतके लिहावे, वाघाच्या ठिकाणापर्यंत बोट धरून नेण्याइतके लिहू नये; ही रेषा कोणत्याही साच्यात आखून मिळत नाही, ती दर वेळी लिहिणाऱ्यालाच ओढावी लागते.

तारखेचे महत्त्व सर्वांत स्पष्ट होते ते गर्देवाड्याच्या उदाहरणाने. एटापल्ली तालुक्यातील गट्टा–गर्देवाडा–वांगेतुरी या ३२ किलोमीटरच्या रस्त्याचे उद्घाटन १ जानेवारी २०२५ रोजी मुख्यमंत्र्यांच्या हस्ते झाले आणि अहेरीहून गर्देवाड्याला एसटी सुरू झाली. महाराष्ट्रात एसटीची पहिली गाडी पुणे–अहमदनगर मार्गावर १ जून १९४८ रोजी धावली होती; म्हणजे त्या गाडीला गर्देवाड्यापर्यंत येण्यास साडेशहात्तर वर्षे लागली. ‘गर्देवाड्याला एसटी जात नाही’ हे वाक्य ३१ डिसेंबर २०२४ च्या रात्रीपर्यंत खरे आणि दुसऱ्या दिवसापासून खोटे. तारीख नसेल तर असे वाक्य पुढच्या प्रवाशाला पायी चालायला लावते. ज्याने ते तारखेसह लिहिले होते त्याला मात्र ते खोडण्याची गरज पडत नाही. त्याने त्याच्याखाली नवी तारीख घालून नवी फेरी लिहावी आणि वरची ओळ तशीच राहू द्यावी, म्हणजे पुढे कधी कोणी ती नोंद उघडली तर गाडी केव्हा आली याबरोबरच ती किती वर्षे आली नव्हती, हेही त्याला मोजता येईल.