पिटातली बाई

'नाइन्टीन एटी-फोर' (१९४९) म्हटलं की लोकांना आठवतो तो बिग ब्रदर. विन्स्टन स्मिथच्या डायरीतली पहिली नोंद सहसा कोणाला आठवत नाही. मलाही आठवत नव्हती. अनुवादाच्या एका कार्यशाळेसाठी तेवढाच उतारा मराठीत आणायला घेतला, तेव्हा ती नीट वाचली.

तारीख ४ एप्रिल १९८४. आदल्या रात्री तो सिनेमाला गेला होता. सगळे युद्धपट. भूमध्य समुद्रात निर्वासितांच्या जहाजावर बॉम्ब पडतात. पोहत निसटू पाहणाऱ्या एका लठ्ठ माणसामागे हेलिकॉप्टर लागतं, आणि तो बुडतो तेव्हा प्रेक्षक खदाखदा हसतात. मग मुलांनी भरलेली एक नाव. तिच्यात एक बाई तीनेक वर्षांच्या पोराला हातांनी झाकून बसलेली. नावेवर बॉम्ब पडतो. एका मुलाचा हात उंच हवेत उडताना कॅमेऱ्याने टिपलाय, आणि विन्स्टनला तो शॉट फार आवडलाय.

लिहिता लिहिता त्याचं व्याकरण सुटत जातं. आधी कॅपिटल अक्षरं जातात, शेवटी पूर्णविरामही. देवनागरीत कॅपिटल अक्षरंच नाहीत, त्यामुळे आमची पडझड एक पायरी खालूनच सुरू होते. पण मी अडले ते तिथे नाही, त्या शॉटला तो जे विशेषण लावतो त्याच्यापाशी. 'वंडरफुल'. पहिल्या खर्ड्यात मी चक्क 'हृदयद्रावक' लिहून गेले होते! मग 'विलक्षण' केलं, तीही पळवाटच. विन्स्टनला मजा वाटली हे मला मराठीत येऊ द्यायचं नव्हतं. नायक आहे ना तो.

इतर कादंबऱ्या वाचकाची एवढी सोय पाहतात. ब्रॅडबरीच्या 'फॅरनहाइट ४५१'मध्ये पाठलाग टीव्हीवर दाखवतात आणि कार्यक्रम वेळेत आटपावा म्हणून भलत्याच माणसाला मारतात. पण आपण मोंटागबरोबर पळत असतो. 'हंगर गेम्स'मध्ये आपण कॅटनिससोबत रिंगणात. बघणारे कोणीतरी दुसरे. ऑर्वेल मात्र आपल्याला खुर्चीत बसवतो. विरोध करते ती एकटी पिटातली बाई. मुलांसमोर असलं दाखवू नका म्हणून ती आरडाओरडा करते, पोलीस तिला बाहेर काढतात आणि विन्स्टन तिला तुच्छतेने एका वाक्यात निकालात काढतो.

शब्द घरातच सापडला. त्याच आठवड्यात, रात्री जेवताना टीव्हीवर युद्धाच्या बातम्या चालू होत्या. ड्रोनमधून दिसणारा रस्ता, एक गाडी, मग नुसता धूर.

"काय क्लिअर आलंय!" मी म्हणाले.

आई माझ्या भाचीला भरवत होती. "पोरीसमोर कशाला लावतेस गं असलं?"

"आई, बातम्या आहेत त्या."

ती काही बोलली नाही. वाटी घेतली, भाचीला कडेवर घेतलं आणि आत गेली. मी पुढची बातमी बघितली.

कादंबरीत पुढे बऱ्याच पानांनी विन्स्टनला स्वप्नात आई दिसते. आजारी बहिणीला हाताने छातीशी धरणारी. नावेतल्या बाईचा हात त्याला तेव्हा कुठे कळतो. त्या हाताने कोणी वाचणार नव्हतं.

कार्यशाळेत मी 'काय क्लिअर आलंय' असंच वाचलं. मागून एका मुलाने विचारलं, हे जरा जास्तच घरगुती नाही का वाटत?

वाटतं, म्हणाले.