सांध्यांची मुभा
दिवाळीच्या सुमारास उमरीच्या शिवारात बोंडं फुटली की मी वेचणाऱ्या बायकांचे हात बघत बांधावर रेंगाळतो. बोटं बोंडाला मागून टेकतात, अंगठा समोरून येतो, जरासा वळतो आणि कापूस अलगद सुटून ओटीत जातो. पातीकचरा मागेच राहतो. ही करामत अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाला लागून असलेल्या एका लहानशा सांध्याची. त्याला खोगिरी सांधा म्हणतात. तिथे खोगिरासारख्या आकाराची दोन हाडं एकमेकांवर आडवी बसलेली असतात, म्हणून अंगठा आत-बाहेर होतो, वळतो आणि प्रत्येक बोटाच्या टोकाला जाऊन भेटतो. बाकीच्या बोटांना एवढी मुभा नाही.

मुभेची किंमत खांदा मोजतो. त्याची उखळ उथळ, त्यामुळे हात चहूकडे फिरतो आणि निखळतोही पटकन. खुब्याची उखळ खोल. फिरणं कमी, भरवसा जास्त.

गुडघा मात्र अजब. त्याला बिजागरी म्हणतात, पण ते पुरतं खरं नाही. उभं राहताना पाय पूर्ण सरळ होता होता मांडीचं हाड नडगीवर किंचित आत वळतं आणि गुडघ्याला अडी बसते. म्हणूनच उमरी स्टेशनावर नांदेडच्या गाडीची वाट बघत तासभर उभं राहिलं तरी मांडीला फार जोर लावावा लागत नाही. बसायचं झालं की गुडघ्यामागचा एक छोटा स्नायू आधी ही अडी काढतो.

हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. तिचं पोषण सांध्यातल्या चिकट द्रवातून होतं, आणि धडधाकट गुडघ्यात तो चहाचा चमचाभरसुद्धा नसतो. वजन पडलं की ओल्या फडक्यासारखं तिच्यातलं पाणी पिळून निघतं, वजन उठलं की परत आत शिरतं. हालचाल नाही तर पोषणही नाही. तिला चेतातंतूही नाहीत, म्हणून ती झिजू लागते तेव्हा काही कळत नाही. पुढे आसपासचं हाड आणि आवरण दुखायला लागतं, तेव्हा कळतं.

माझ्या आत्याचं आयुष्य उकिडवं बसून निंदण्या-खुरपण्यात गेलं. सकाळी ती अंथरुणातच पाय लांब-आखूड करत बसते. "हलवून घ्यावं लागतंय बाबा, एकदम उठलं की गुडघे ऐकत नाहीत." डॉक्टरांनी तिला मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही असं बजावलंय. घरी आल्यावर तिनं मला विचारलं, "मग निंदायला काय खुर्ची घेऊन जाऊ का रे?"