लंडनमधील दोन दिवस आणि दोन घटिका

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात लंडनमध्ये सूर्य सकाळी ७ वाजून ५० मिनिटांच्या सुमारास उगवतो आणि दुपारी ३ वाजून ५३ मिनिटांच्या सुमारास मावळतो. म्हणजे दिवस जेमतेम आठ तासांचा. आपल्याकडे सांगली-कोल्हापूर भागात वर्षातील सर्वांत लहान दिवसही अकरा तासांहून मोठा असतो. त्यामुळे चारच्या आत सूर्यास्त होतो असे सांगितले, तर ऐकणाऱ्याला ते खरे वाटत नाही. हा सारा अक्षांशांचा परिणाम होय. सांगली सतरा अंशांच्या जवळ, तर लंडन साडेएक्कावन्न अंश उत्तरेला. जून महिन्यात हेच शहर साडेसोळा तासांचा दिवस देऊन भरपाई करते. परंतु विद्यार्थ्यांना सवड मिळते ती विद्यापीठाच्या वेळापत्रकाप्रमाणे, सूर्याच्या सोयीप्रमाणे नव्हे.

सांगली जिल्ह्यातील एका द्राक्षबागायतदाराची मुलगी लेस्टर येथे एम.एस्सी.चे शिक्षण घेत आहे. लेस्टर हे जैनांना परके गाव नाही. तेथील लोकसंख्येत सुमारे एक तृतीयांश लोक भारतीय वंशाचे आहेत, आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जुन्या ख्रिस्ती प्रार्थनागृहाचे रूपांतर करून उभारलेल्या जैन केंद्रात १९८८ साली प्रतिष्ठा झाली. एकाच छताखाली श्वेतांबर व दिगंबर दोन्ही मंदिरे असलेली ही वास्तू. त्यामुळे पहिल्या तीन महिन्यांत तिला दर्शनाची अडचण भासली नाही. अडचण होती ती आज्जीने घातलेल्या नियमाची. निघताना आज्जीने एकच मागणे मागितले होते : रात्री अन्न घ्यायचे नाही. पाण्याची मोकळीक ठेवली होती. आणि घरच्या रीतीप्रमाणे सूर्योदयानंतर दोन घटिका आणि सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे अठ्ठेचाळीस-अठ्ठेचाळीस मिनिटे, सोडून जेवण. सप्टेंबरात हे सहज जमत होते. डिसेंबरात हिशेब केला तेव्हा अन्नासाठी उरले जेमतेम साडेसहा तास.

निबंध सादर झाल्यावर वर्गातील दोन मैत्रिणींनी शनिवार-रविवार लंडनला जाण्याचा बेत केला. एक कोचीची, दुसरी नायजेरियातील लागोस शहराची. हिने खर्चासाठी साठ पौंड बाजूला काढले होते. साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जाला तारण द्यावे लागते. तिच्या वडिलांनी राहते घर तारण ठेवले आहे. ज्या मुलांच्या मागे असे कर्ज असते त्यांना परदेशात प्रत्येक किंमत आधी पौंडांत आणि मग मनातल्या मनात रुपयांत वाचण्याची सवय जडते. ती सवय वाईट नव्हे.

सव्वासातची बस अंधारातच निघाली. मोटारमार्गावर असताना उजाडले, आणि पावणेनऊला, दोन घटिका उलटल्यावर, तिने पिशवीतून कडक भाकरी आणि लसूण न घातलेली शेंगदाण्याची चटणी काढली. घरून पार्सलाने आलेल्या बारा भाकरी तिने सोबत घेतल्या होत्या. यामागे केवळ काटकसर नव्हती. ब्रिटनमधील बंद पाकिटांवर दूध, अंडे, मासे असे ॲलर्जी आणणारे चौदा घटक ठळक अक्षरांत दाखवणे कायद्याने बंधनकारक आहे. कांदा आणि लसूण मात्र त्या चौदांत नाहीत. ते बारीक अक्षरांत कोठेतरी मसाल्याच्या शेजारी असतात. 'व्हीगन' असा शिक्का पाहून जैन माणसाने निर्धास्त होऊ नये. गंमत अशी की हा शब्द १९४४ साली प्रचारात आणणारे डोनाल्ड वॉटसन हे लेस्टरचेच रहिवासी होते.

दहाच्या सुमारास व्हिक्टोरिया स्थानकावर उतरून तिघी पायीच निघाल्या. राजवाड्यासमोर गर्दी होती. छायाचित्रे काढून पुढे जाण्यापलीकडे तेथे फारसे काही करण्याजोगे नाही. वेस्टमिन्स्टर ॲबीचे तिकीट तीस पौंडांच्या घरात, म्हणून तीही बाहेरूनच पाहिली. पण ॲबीसमोरील पार्लमेंट स्क्वेअरमध्ये ती बराच वेळ थांबली. तेथे चर्चिल, मंडेला यांच्या पुतळ्यांच्या रांगेत २०१५ साली महात्मा गांधींचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. फिलिप जॅक्सन या शिल्पकाराने तो १९३१ च्या एका छायाचित्रावरून घडवला आहे. धोतर आणि शाल पांघरलेली ती मूर्ती लंडनच्या गारठ्यात पाहणाऱ्यालाच हुडहुडी भरवते.

तिला मात्र १९३१ चे गांधी आठवत नव्हते, १८८८ चे आठवत होते. एकोणिसावे वर्ष पुरे होण्यापूर्वी कायदा शिकण्यासाठी निघालेल्या त्या मुलाला आई परवानगी देईना, तेव्हा बेचरजी स्वामी या जैन साधूंनी त्याच्याकडून मांस, मद्य आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा करवून घेतली आणि मगच आईने होकार दिला. 'सत्याचे प्रयोग' वाचलेल्यांना ही हकीकत ठाऊक आहे. पण एका जैन साधूने घातलेला नियम घेऊन एक विद्यार्थी याच रस्त्यांवरून उपाशीपोटी हिंडला, हे त्या रस्त्यांवर उभे राहून आठवणे वेगळे. तो स्वस्त खानावळींत पाव खाऊन निघे आणि पोट भरत नसे. रोज दहा-बारा मैल तो शाकाहारी खानावळीच्या शोधात चाले. त्याला मिळालेले लंडन पुष्कळसे त्या चालण्यातून मिळाले.

ट्रॅफल्गर चौकातील नॅशनल गॅलरीत तासभर गेला. तेथे प्रवेश विनामूल्य आहे, तसाच तो ब्रिटिश म्युझियममध्येही आहे. १७५३ साली स्थापन झालेले आणि १७५९ साली लोकांना खुले झालेले हे संग्रहालय आजही दाराशी पैसे मागत नाही. त्यात मांडलेल्या वस्तू कोणकोणत्या मार्गांनी आल्या हा प्रश्न मोठा आहे आणि तो विचारला जाणे योग्यच आहे. पण साठ पौंडांत दोन दिवस काढणाऱ्या मुलीला ही दारे उघडी मिळाली, हेही नोंदवले पाहिजे. समोरच्या भव्य स्तंभांखालील पायऱ्यांवर बसून तीन वाजण्यापूर्वी जेवण आटोपले. मैत्रिणींनी आपापले सँडविच काढले, पण भाकरीचा कुडकुडीत आवाज ऐकून दोघींनी एकेक मागून घेतली.

तेहतीस क्रमांकाच्या दालनात चीन व दक्षिण आशियातील शिल्पे आहेत. तेथे ओडिशातून आलेले एक शिल्प आहे : ऋषभनाथ आणि महावीर, पहिले आणि चोविसावे तीर्थंकर, एकाच शिळेवर शेजारीशेजारी कायोत्सर्ग मुद्रेत उभे. ऋषभनाथांच्या खांद्यावर केसांच्या बटा उतरलेल्या. गावच्या मंदिरात ती लहानपणापासून अशा मूर्तींसमोर उभी राहिली होती, परंतु अभिषेकाचे पाणी नाही, तांदळाची मूठ नाही, पायांत बूट आणि अंगात जाड कोट, अशी कधीच नव्हे. वंदन करावे की नाही, हे तिला कळेना. पूजेतून बाहेर काढून खाली नावाची पाटी लावलेल्या मूर्तीशी कसे वागावे, हे कोणत्याही श्रावकाचाराच्या पुस्तकात सापडणे कठीण. तिने लोकरी टोपी काढून हातात घेतली, मनात णमोकार म्हटला आणि बाजूला झाली. मैत्रिणींनी मूर्ती नग्न का, असे विचारले तेव्हा तिने सांगितले, "यांनी शेवटची वस्तूही सोडली, म्हणून." लागोसची मैत्रीण पुन्हा मागे जाऊन ती मूर्ती पाहून आली.

त्याच दालनात धार येथून आलेली संगमरवरी देवीची मूर्ती आहे. भोजराजाच्या काळातील ही मूर्ती वाग्देवी सरस्वतीची, असे दीर्घकाळ समजले जात होते. पायथ्याशी कोरलेला लेख अभ्यासकांनी नीट वाचल्यावर मात्र तो वेगळे सांगतो असे दिसले : वररुची याने आधी वाग्देवी आणि तीन जिनप्रतिमा करविल्या आणि त्यानंतर ही अंबा करविली, संवत १०९१, म्हणजे इसवी सन १०३४. अंबिका ही बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ यांची यक्षी. नाव कोणतेही लावले तरी दगडात जे कोरले आहे ते वाचता येणाऱ्याची वाट पाहत असते, आणि ते वाचण्यासाठी संस्कृत शिकणारी मुले आपल्या समाजात किती उरली आहेत, हा विचार येथे अस्थानी ठरू नये.

पाच वाजता संग्रहालय बंद झाले तेव्हा बाहेर रात्र होऊन तास उलटला होता. रीजंट स्ट्रीटवर नाताळची रोषणाई होती. मैत्रिणी एका उपाहारगृहात जेवल्या. तिने गरम पाण्याचा पेला घेतला. वाढप्याने दोनदा विचारले. कोचीच्या मैत्रिणीला वाईट वाटू लागले, तशी लागोसची मैत्रीण हसली. ती मुस्लिम घरातील. "आमच्याकडे रमजानमध्ये सूर्य कधी मावळतो म्हणून घड्याळ पाहतात, तुमच्याकडे तो मावळू नये म्हणून पाहतात," ती म्हणाली. त्या दोघींमध्ये उपवासावर जी चर्चा सुरू झाली ती वसतिगृहाच्या आठ खाटांच्या खोलीत दिवा मालवला तरी थांबली नाही.

रविवारी सकाळी त्या फॅरिंग्डन स्ट्रीटवर गेल्या. गांधींना अखेर शाकाहारी खानावळ सापडली ती या रस्त्यावर. तेथेच त्यांनी हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरील पुस्तक एक शिलिंग देऊन विकत घेतले, आणि आईला दिलेल्या शब्दापायी शाकाहारी असलेला मुलगा ते वाचून स्वतःच्या मताने शाकाहारी झाला. आज त्या रस्त्यावर काचेच्या कचेऱ्या आहेत. तिने रस्त्याची दोन्ही टोके चालून पाहिली.

सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या घंटा वाजत होत्या. रविवारी ते पर्यटकांसाठी नव्हे, केवळ प्रार्थनेसाठी उघडे असते. त्याच्या जवळच पोस्टमन्स पार्क नावाची लहानशी बाग आहे, तेथे सहसा कोणी जात नाही, जावे. जी. एफ. वॉट्स या चित्रकाराच्या आग्रहातून १९०० साली तेथे एक पडवी उभी राहिली आणि भिंतीवर चिनी मातीच्या फरशा बसवण्यात आल्या. दुसऱ्याचा जीव वाचवताना स्वतःचा प्राण गमावलेल्या सामान्य माणसांची नावे त्यांवर आहेत. एक नाव ॲलिस एअर्स हिचे. गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्या मजुराची ही मुलगी. १८८५ च्या एप्रिलमध्ये जळत्या घरातून तिने तीन मुले वाचवली आणि ती स्वतः गेली. साम्राज्याच्या राजधानीत सेनापतींचे पुतळे चौकाचौकांत आहेत. या माणसांसाठी एक भिंत पुरली. तिघींनी प्रत्येक फरशी वाचली, आणि त्यात बराच वेळ गेला.

पुढे बँक ऑफ इंग्लंड. १६९४ साली स्थापन झालेल्या या बँकेचे संग्रहालयही विनामूल्य आहे, पण शनिवार-रविवारी बंद. आठवडाभर पैशाने गजबजणारा हा भाग रविवारी इतका निर्मनुष्य असतो की कबुतरांचे पंख ऐकू येतात. तेथून चालकाविना धावणाऱ्या डॉकलँड्स लाइट रेल्वेने त्या ग्रीनिचला पोहोचल्या.

टेकडीवरील वेधशाळा १६७५ सालची. शून्य रेखांशावर उभे राहण्यासाठी आत तिकीट आहे. बाहेरच्या भिंतीतील चोवीस तासांचे घड्याळ, १८५२ पासूनचे, फुकट पाहता येते. वेधशाळेच्या मनोऱ्यावरील लाल चेंडू ठीक एक वाजता खाली येतो. १८३३ पासून थेम्समधील जहाजे त्यावरून आपली घड्याळे लावत. १८८४ साली जगाने येथील रेखांश शून्य मानला, आणि आपला साडेपाच तासांचा फरक येथूनच मोजला जातो.

अडीच वाजता बाकावर डबा उघडला. तीन वाजून पाच मिनिटांनी शेवटचा घास संपवून तिने घरी फोन लावला. तेथे रात्रीचे आठ पस्तीस.

"जेवलीस का गं?" आज्जीने विचारले.

"आत्ताच, आज्जी. अजून दिवस आहे."

आज्जीला ते पटेना. तिने फोन वळवून ढगांआडचा फिकट सूर्य दाखवला. आज्जी काही वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "एवढ्या थंडीत पोट रिकामे ठेवून निजू नकोस, बाळ. परदेशात आहेस तोवर तो नियम मी मागे घेते. आण्णांनाही सांगते."

"राहू दे, आज्जी."

"माझ्यासाठी करत असशील तर नको."

"तुमच्यासाठी नाही," ती म्हणाली.

सूर्य मावळेपर्यंत त्या टेकडीवरच थांबल्या. नदीपलीकडच्या उंच इमारतींत एकेक दिवा लागत गेला.

परतीच्या बसमध्ये तिने वही काढून हिशेब लिहिला. लेस्टर-लंडन येणे-जाणे १६ पौंड, वसतिगृह २४, शहरातील प्रवास ८ पौंड ४० पेन्स, फळे २ पौंड १० पेन्स, गरम पाणी ०. एकूण ५० पौंड ५० पेन्स, शिल्लक साडेनऊ. त्याखाली वेगळी ओळ : भाकरी नेल्या १२, उरल्या ०, त्यांपैकी मैत्रिणींनी खाल्ल्या ५.