पाचवा वाटा

बापाने जिवंतपणीच वाटण्या करून टाकाव्यात, म्हणजे मागे भांडणं राहत नाहीत, असं सगळेच म्हणतात. आमच्या दादांनीही २०२१ साली तेच मनावर घेतलं. (वडिलांना आम्ही दादा म्हणतो.) करोनाच्या दुखण्यातून ते नुकतेच उठले होते. आमचं गाव कोरेगाव तालुक्यातलं. वडिलार्जित पाच एकर जमीन, त्यातली दीड एकर विहिरीखालची, बाकीचा माळ. शिवाय जुनं कौलारू घर. दोन भाऊ आणि मी एकटी बहीण.

दादांनी वहीत तीन नावं लिहिली. माझं कंसात! कंसात का, ते थोरल्याने समजावून सांगितलं. "ताई, तू हक्कसोडपत्रावर सही करशीलच. माहेर काय, तुझंच आहे." साडीचोळी आणि दिवाळीचं बोलावणं, एवढ्यावर आपल्याकडच्या किती बहिणींनी सह्या केल्या असतील! एकदा ते पत्र नोंदलं गेलं की सहजी मागे फिरता येत नाही, हे मात्र तेव्हा कुणी सांगत नाही. २००५ च्या कायद्याने वडिलार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच झाला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या उरल्यासुरल्या शंकाही फेडल्या. मी सही करणार नाही म्हटलं. धाकटी वहिनी ताडकन उठून आत गेली.

पण खरी गोष्ट माझी नाहीच. ती आईची आहे.

वाटणीपत्राचा मसुदा करायला आम्ही कोरेगावच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी वही पाहिली आणि विचारलं, "आईंचं नाव कुठंय?"

दादा हसले. "तिचं काय वेगळं? ती माझ्याबरोबरच."

वकील म्हणाले, तसं नसतं. बाप आणि मुलं वडिलार्जित मिळकत वाटून घेऊ लागली, की बायकोलाही मुलाइतकाच हिस्सा द्यावा लागतो. तिला आपणहून वाटणी मागता येत नाही, पण बाकीच्यांनी केली तर तिला वगळता येत नाही. बापाने स्वतः कमावलेलं असेल तर गोष्ट वेगळी. ते तो हवं त्याला देऊ शकतो. मैत्रिणींनो, मला एवढी शिकूनसुद्धा हे ठाऊक नव्हतं. तुमच्यापैकी किती जणींना आहे?

घरी आल्यावर थोरला म्हणाला, "आईला कशाला हवी जमीन? सहा महिने माझ्याकडे, सहा महिने याच्याकडे. आम्ही काय उपाशी ठेवू?"

आई शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मला पाळीनं जेवायला घालू नका."

सगळे गप्प झाले. आमच्या आजीची पाळी असायची. महिना सरला की ती गाठोडं काखेत मारून चुलत्यांच्या दारी जायची. फेब्रुवारी ज्याच्या वाट्याला यायचा तो खूश! महिना एकतीस दिवसांचा असला, की शेवटच्या दिवसावरून दोन्ही घरांत कुरबूर. आजी तेव्हा मधल्या ओट्यावर बसून राहायची, आणि आई परकराच्या घोळात लपवून तिला भाकरी नेऊन द्यायची. हे सारं मुलांनी पाहिलेलं. पण पोरांना काय लक्षात राहतं?

"मला मधली खोली हवी, आणि तिला बाहेरून दार," आई म्हणाली. "आणि विहिरीखालची थोडी."

दादा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाच नावं लिहिली. आई आणि दोन्ही भावांना विहिरीखालचा अर्धा-अर्धा आणि माळाचाही तेवढाच. मी आणि दादांनी नुसता माळ घेतला. वाटणीपत्र रीतसर नोंदलं, तलाठ्याकडे फेरफार पडला, हरकतीचे पंधरा दिवस गेले. सातबारा आला तेव्हा आईने तो घडी करून कुंकवाच्या डब्याखाली ठेवला.

धाकटी वहिनी माझ्याशी अजून मोजकंच बोलते. थोरल्याने दाराचा खर्च केला, पण त्या पैशांचा हिशेब तो अधूनमधून काढतोच. आईने आपला तुकडा शेजाऱ्यांना अर्धलीने दिला आहे. पहिल्या वर्षीचा घेवडा निघाला, तेव्हा तिने दोन्ही सुनांच्या घरी मापाने सारखा मोजून दिला, आणि मला पिशवीभर वेगळा काढून ठेवला.