एक फूट माती, तीस एकर हापूस



ऊस कारखान्याला गेला, पाचटाची कुट्टी झाली, खोडव्याला पहिलं पाणी दिलं आणि गेल्या शनिवार-रविवारी देवगडला जाऊन आलो. आम्ही दोघं, साडू आणि मेहुणी. साडू कराड तालुक्यातले, आम्ही वाळवा तालुक्यातले. दोघांचीही रानं कृष्णेच्या काठाला. समुद्राचे फोटो घरच्या ग्रुपवर गेलेत, इथं रानाचं लिहितो.

निघतानाच साडूंच्या डोक्यात एक विषय होता. त्यांचं नदीकडचं दीड एकर रान थोडं उंचावर आहे, पाटाचं पाणी नीट चढत नाही. एक वीटभट्टीवाला म्हणतोय, दोन फूट माती मला द्या, रान सपाट करून देतो, वर ब्रासवर पैसे. चुलत भावाचा वाटा शेजारीच, तो तयार आहे. साडूंनी सोमवारी होय-नाही सांगायचं होतं. मेहुणीनं गाडीत बसतानाच बजावलं, "दोन दिवस मातीचा विषय काढायचा नाही." गगनबावडा येईपर्यंत तो नियम टिकला.

आमचा रस्ता कोल्हापूर, गगनबावडा, घाट उतरून वैभववाडी, मग तळेरे, नांदगाव, शिरगाव, जामसंडे आणि देवगड. या रस्त्यानं जाणाऱ्यानं खिडकीतून फक्त मातीचा रंग बघावा. सांगली-कोल्हापूरची काळी माती बावड्याकडं जाताना तांबूस होत जाते आणि घाट उतरला की लालभडक. खडक मात्र मुळात एकच, सह्याद्रीचा काळा पाषाण. फरक पावसानं केला. आमच्याकडं जत-आटपाडीला पाचशे-सहाशे मिलिमीटर, गगनबावड्याला पाच हजारांच्या पुढं आणि खाली किनाऱ्याला अडीच-तीन हजार. इतक्या पावसात खडक झिजताना चुना, मॅग्नेशियम, सिलिका सगळं धुऊन जातं आणि मागं राहतं लोह आणि ॲल्युमिनियम. तोच जांभा. आमच्याकडं पाऊस कमी, म्हणून चुनखडी रानातच राहिली आणि काळी, चिकट, फुगणारी माती तयार झाली. त्यांचा सामू साडेपाच-सहा, आमचा आठच्या वर.

जांभा साताऱ्याला नवा नाही. पाचगणीचं टेबललँड, कासचं पठार, चाळकेवाडीचा पवनचक्क्यांचा सडा, सगळा जांभाच. कास तर २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं. पण तिथं आपण फुलं बघायला जातो. देवगडला लोक त्याच दगडावर पोट भरतात, तेही फळबाग लावून.

गाव बघण्यासारखं आहे, यात शंका नाही. सडा समुद्रात घुसल्यासारखा पुढं गेलाय आणि एकदम तुटलाय. खाली लाटा कातळावर आपटतात, त्याचं पाणी वर अंगावर येतं. किल्ल्यात दीपगृह आहे. बंदरात होड्या लागलेल्या, मासळीचा वास, जाळी विणत बसलेली माणसं. कड्यावर पवनचक्क्या आहेत, साडू म्हणाले, "हे बरं झालं, वनकुसवड्याची आठवण नको व्हायला म्हणून इतक्या लांब आलो होतो." कुणकेश्वराचं दर्शन घेतलं. सुरमई खाल्ली, सोलकढी प्यालो. बायकांनी वाळूत पाय बुडवले. हे सगळं झालं आणि रविवारी सकाळी आम्ही दोघं बाग बघायला गेलो.

ओळखीतून एका बागायतदार काकांची बाग मिळाली. सत्तरीच्या आसपासचे, पण सड्यावर आमच्यापेक्षा भरभर चालत होते. जानेवारी असल्यानं झाडं मोहोरात होती. काही फांद्यांना बाजरीएवढी कणी, काही फांद्या अजून पालवीतच. तुडतुडे आणि भुरीसाठी फवारणी चालू होती. पाऊस लांबला की मोहोर मागं-पुढं होतो, दोनदा फुटतो आणि पहिली फळं गळतात, असं ते सांगत होते. हापूस मुळातच एक वर्षाआड धरणारा, म्हणून कल्टार आलं. आणि कल्टार वापरायचं तर झाडाला खायलाही तेवढं घालावं लागतं. द्राक्षबागायतदारांना हे दुखणं वेगळं सांगायला नको. एप्रिलमध्ये पेटी हातात घेऊन आपण भावाची घासाघीस करतो, तेव्हा यातलं काही दिसत नाही.

पण माझी नजर झाडापेक्षा बुडाकडं होती. झाडाभोवती जांभ्याच्या दगडांचा गोल गडगा, त्यात लाल माती आणि गडग्याच्या बाहेर नुसता उघडा कातळ. कुदळ मारली तर ठिणगी पडेल असा. मी विचारलं, "काका, मूळ जातं कुठं?"

त्यांनी सांगितलं ते असं. वडिलांच्या वेळी कातळात पहारीनं भोक पाडून सुरुंग लावायचे. आता ब्रेकर मिळतो. मीटरभर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर खोल खड्डा. आतला दगड गडग्याला वापरायचा आणि खड्ड्यात माती, पालापाचोळा, शेणखत भरायचं. माती खालून, वहाळाच्या कडेनं, जिथं मिळेल तिथून आणायची. पूर्वी टोपलीनं डोक्यावरून, आता डंपरनं. मग कलम लावायचं आणि पहिली काही वर्षं उन्हाळ्यात पाणी घालून जगवायचं. पुढं मुळं कातळाच्या फटी शोधत जातात.

पाण्याचंही तसंच. चार महिने धो धो, पण जांभा सच्छिद्र आणि समुद्र जवळ, त्यामुळं पाणी थांबत नाही. मार्च-एप्रिलला विहिरी तळ गाठतात. आमच्या चौपट-पाचपट पाऊस पडतो आणि कलमाला पाणी टँकरनं घालायची वेळ येते.

साडूंनी सहज विचारलं, "माती विकत मिळते का इथं?" काका हसले. म्हणाले, "माती आमका इकत हाडूक लागता. तुमच्याकडे आसा, म्हणान तुमका तिची किंमत नाय." साडूंच्या वीटभट्टीचं त्यांना काहीच माहीत नव्हतं. साडू माझ्याकडं बघायला लागले. मी काही बोललो नाही.

दुपारी जेवण होईपर्यंत मी मोबाईलवर हिशोब मांडला. तुम्हीही पडताळून बघा. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. एक फूट माती काढली की ४३,५६० घनफूट, म्हणजे ४३५ ब्रास. दोन ब्रासच्या डंपरनं २१७ खेपा. आता देवगडचा खड्डा. एक घनमीटर म्हणजे साधारण ३५ घनफूट, ब्रासचा तिसरा हिस्सा. दहा बाय दहा मीटरवर कलम लावलं तर एकरी ४० खड्डे, सगळे मिळून १४ ब्रास. खड्डा पूर्ण मातीनंच भरला असं धरलं तरी आपल्या एका एकरातली एक फूट माती तिथं तीस एकर हापूस उभा करते. साडूंचं दीड एकर, दोन फूट म्हणजे नव्वद एकर.

साडू बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण माझं पाणी चढत नाही, त्याचं काय?"

प्रश्न रास्त आहे. माती देणारा प्रत्येक जण हावरट असतो असं नाही. कुणाचं रान उंच असतं, कुणाच्या घरात लग्न असतं, कुणाला सोसायटीचं कर्ज फेडायचं असतं. म्हणून भावनेवर न जाता रानाच्या हिशोबानं बोलूया.

एक, वरची फूटभर माती म्हणजे नुसतं वजन नाही. आपल्या रानांचा सेंद्रिय कर्ब आधीच अर्ध्या टक्क्याच्या आसपास खाली आलाय. जो काही उरलाय तो याच थरात. पिकाची बहुतेक पांढरी मुळी याच थरात. जिवाणू, गांडुळं इथंच. खाली जाल तसा चुनखडीचा, घट्ट थर लागतो. त्यावर पुन्हा ऊस उभा करायला खताचा डोस वाढतो आणि उतारा यायला वर्षं जातात. इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, भट्टीत ती एका हंगामात भाजून निघते.

दोन, आणि आमच्या भागात हे जास्त महत्त्वाचं. शेजाऱ्यापेक्षा दोन फूट खाली गेलेलं रान म्हणजे आजूबाजूच्या पाण्याची वाटी. वरच्या उसाला दिलेलं जादा पाणी पाझरून तिथं साठतं, ऊन लागलं की पाणी उडतं आणि क्षार वर येतात. वाळवा, पलूस, मिरज, शिरोळ पट्ट्यात पांढरी पडलेली रानं आपण रोज बघतो. ती सुधारायची तर भूमिगत निचऱ्याचे सच्छिद्र पाईप, चर, ताग-धैंचा, असा एकरी मोठा खर्च. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात यावर काम चालतं, एकदा जाऊन बघा. कोकणात पावसानं सगळं धुऊन नेलं. आपण पाणी देत राहिलो आणि बाहेर जायला वाट ठेवली नाही. त्यात रान खाली घेणं म्हणजे दुखणं विकत घेणं.

तीन, उंच रानाला पाणी चढत नसेल तर पाणी द्यायची पद्धत बदलता येते. ठिबकला दोन फुटांच्या उंचवट्याचं काही वाटत नाही. अगदी सपाटच करायचं असेल तर लेझर लेव्हलरनं उंचाची माती त्याच रानातल्या सखल कोपऱ्यात ओढा. माती बांधाच्या आत राहते.

चार, माती हे गौण खनिज आहे. उपसा करायचा तर तहसीलची परवानगी आणि स्वामित्वधन लागतं. "सगळं आम्ही बघतो" असं कुणी म्हणालं तरी सातबारा तुमच्या नावावर आहे.

येताना रस्त्याकडेला चिरेखाणी लागल्या. यंत्रानं जांभ्याचे चिरे कापून थप्पी लावलेली. जांभा कापताना मऊ असतो आणि उघड्यावर वाऱ्यात कडक होतो, म्हणून कोकणातली घरं त्याचीच. १८०७ साली फ्रान्सिस बुकानननं केरळातला असाच दगड बघून त्याला लॅटराइट नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. कोकणाला पावसानं अशी वीट आयती करून दिली, पण पिकाला माती ठेवली नाही. आपल्याला माती दिली आणि आपण तिची वीट करायला निघालोय. आपल्यालाही घरं बांधायची आहेत, वीट लागणारच. पण पडीक, गाळाची, तळ्यातली माती आधी संपू दे की. मळीच्या रानावर हात कशाला?

सोमवारी साडूंनी भट्टीवाल्याला त्यांच्या वाट्याचं 'नाही' सांगितलं. ठिबकचं कोटेशन मागवलंय, अनुदानाचा अर्जही करतील. चुलत भावाचं मात्र अजून ठरत नाही. त्याच्या मुलीचं लग्न वैशाखात आहे आणि भट्टीवाला रोख आगाऊ द्यायला तयार आहे. त्याचं रान दोन फूट खाली गेलं तर साडूंचा बांध पावसाळ्यात ढासळणार, हेही दिसतंय. या रविवारी दोघं भाऊ एकत्र बसणार आहेत आणि साडूंनी मलाही बोलावलंय. मी हा हिशोब कागदावर लिहून नेणार आहे. लग्नाच्या पैशाला दुसरी काही वाट निघाली तरच तो उपयोगी पडेल, हे मलाही कळतं.

तुमच्याकडं माती दिलेल्या रानाचा पुढं पाच-सात वर्षांचा उतारा कुणी मोजून ठेवला असेल तर रविवारच्या आत कळवा. आणि देवगडला गेलात तर समुद्र बघाच, पण तासभर सड्यावर एखाद्या कलमाच्या बुडाशी बसून या.