पायांखालची नवी माती

नव्या तालमीत शिरताना चपला उंबऱ्याबाहेर राहतात. अंगवळणी पडलेल्या सवयी मात्र शरीराबरोबर आत येतात. मारुतीला नमस्कार करून चिमूटभर माती कपाळी लावली, तरी पाय अजून जुन्याच जागी उभे असतात. म्हणून मोकळ्या मनाची पहिली परीक्षा पायांची होते.

अलिबाग, नागाव, मुरूडच्या किनाऱ्यावरचे मूल ओहोटीच्या ओल्या पुळणीवर झोंबाझोंबी करत वाढते. वाळू पाऊल आत घेते, तेव्हा बोटे रुतवून उभे राहण्याची त्याला सवय लागते. तालमीच्या हौद्यातली तेल, ताक, हळद घालून मळलेली तांबडी माती वेगळी. कुस्तीच्या गादीवर तर पाऊल रुततच नाही. पुळणीवर जो आधार होता, तोच तिथे जडपणा होतो.

मर्दानी खेळांत हे अधिक ठळक दिसते. तलवार मनगटावर फिरते. दांडपट्ट्याची खोळीसारखी मूठ हात झाकून टाकते आणि मनगट जवळजवळ बांधले जाते. वार खांद्यातून, कमरेतून, पावलांच्या फेऱ्यातून काढावा लागतो. तलवारीत मुरलेल्या माणसाच्या हाती पट्टा आला की मनगट जुनी वाट शोधते आणि अडते. त्या वेळी 'आमच्याकडे असे नव्हते' हे ओठांवर येऊ न देता पवित्र्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागते. वस्तादाला प्रश्न जरूर विचारावा, सांध्यात कळ आली तर थांबावे. पण डाव नीट अंगात भिनण्याआधी त्याची किंमत ठरवू नये.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीतले मल्ल. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांच्यापुढे गादी आली आणि गुणांचे नियम आले. मातीत निकाल चितपटीवर लागतो. लंडनमध्ये ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मातीने दिलेली चपळाई त्यांनी टाकली नाही, ती गादीवर चालवून दाखवली.

हत्यारांच्या बाबतीतही असेच घडले. अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर रेवदंड्याला १७४० पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. युरोपात घडलेली लांब, सरळ पाती समुद्रमार्गे पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांत उतरत. मराठ्यांनी त्यांना इथली मूठ बसवली आणि 'फिरंग' हे हत्यार आपले झाले. नव्या तालमीत येणाऱ्याचे तसेच असते. आधीच्या वस्तादाने दिलेला दम, तोल आणि शिस्त ही त्याची मूठ. ती घट्ट राहते, म्हणूनच नवे पाते हातात पेलते.